पुढचा फोटो कुणी सरकवायचा?

साठी असो, पंच्याहत्तरी असो की सहस्रचंद्रदर्शन. लग्नाचा हॉल असो की वर्षश्राद्धाला जमलेली चार घरची माणसं. अलीकडे भिंतीवर किंवा टीव्हीवर फोटोंची एक मालिका चालू असतेच. आदल्या रात्री उशिरापर्यंत जागून घरातल्या भाच्याने नाहीतर नातीने ती फोनवर तयार केलेली असते. शेकडो फोटो, दर तीन सेकंदांनी बदलणारे, आणि मागे एखादं जुनं गाणं. पहिली दोन मिनिटं सगळे बघतात. मग गप्पा सुरू होतात, ताटं येतात, आणि मालिका संपून पुन्हा पहिल्यापासून लागली तरी कुणाच्या ध्यानात येत नाही. करणाऱ्याने कष्ट घेतलेले असतात, फोटो मोलाचे असतात, बघणारे परके नसतात. तरीही मन लागत नाही, याचं कारण शोधलं पाहिजे असं मला वाटतं. पुढच्या प्रकरणांमध्ये फोटो निवडण्यापासून ते टीव्हीवर दाखवण्यापर्यंतची सगळी कृती आहेच. पण त्याआधी या प्रस्तावनेत एकच गोष्ट मांडायची आहे: चित्रं दाखवण्याच्या आपल्या जुन्या रीतीत सांगणारा माणूस मध्यभागी होता आणि चित्र कधी बदलायचं हे तो ठरवत असे. फोनने कॅमेरा, आल्बम आणि पडदा एकत्र आणले, पण त्या गडबडीत सांगणारा बाजूला पडला. त्याची जागा त्याला परत देता येते, आणि त्यासाठी नवं काही विकत घ्यावं लागत नाही.

सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा जपली आहे. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची कागदावर रंगवलेली सुटी चित्रं, एका आख्यानाची सगळी चित्रं एकत्र ठेवली की ती झाली पोथी. कथेकरी एकेक चित्र प्रेक्षकांसमोर धरतो, वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीने प्रसंग गातो, सांगतो, आणि सांगून झालं की पुढचं चित्र वर घेतो. या परंपरेतले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यामुळे ही कला पुष्कळांना निदान नावाने ठाऊक झाली. मला इथे तिच्या रंगरेषांपेक्षा तिची चाल महत्त्वाची वाटते. चित्र अगदी स्थिर आहे. त्यात हालचाल आणतो तो आवाज. एखादं चित्र किती वेळ समोर राहील याचा हिशोब कुठेही लिहिलेला नाही. युद्धाचा प्रसंग रंगला तर ते चित्र रेंगाळतं, समोरचा बायाबापड्यांचा घोळका सीतेच्या दुःखाने गलबलला तर कथेकरी तिथेच थांबतो. चित्राचा वेळ हा सांगणारा आणि ऐकणारे यांच्यात, त्या क्षणी, ठरतो.

असाच सांगणारा दिव्याच्या चित्रांपाशीही उभा होता. काचेवरची चित्रं दिव्याच्या उजेडाने भिंतीवर मोठी करून दाखवणारा जादूचा कंदील युरोपात सतराव्या शतकात आला. आपल्याकडे कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचे खेळ सुरू केले आणि त्याला शांबरिक खरोलिका असं भारदस्त नाव दिलं. हाताने रंगवलेल्या काचा, एकाहून अधिक कंदिलांचा मेळ घालून चित्र हलल्याचा भास, आणि जोडीला निवेदन व संगीत. ल्युमिए बंधूंची हलती चित्रं ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवली गेली, त्याच्याही आधीची ही गोष्ट. साधारण त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये जेकब रीस हा पोलीस-बातमीदार गरीब वस्त्यांतल्या कोंदट खोल्यांचे फोटो काचेवर उतरवून १८८८ पासून व्याख्यानांत दाखवू लागला होता. त्या व्याख्यानांतूनच १८९० साली त्याचं गाजलेलं पुस्तक आकाराला आलं. कल्याणच्या पौराणिक कथा आणि न्यूयॉर्कच्या चाळवजा इमारती यांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण दोन्हीकडे कंदिलाशेजारी बोलणारा माणूस उभा आहे. पुढे १९६१ मध्ये कोडॅकचा कॅरूसेल प्रोजेक्टर आला. गोल ताटलीत ऐंशी स्लाइडी, आणि तारेच्या टोकाला असलेलं बटण हातात. बोलणारा ते बटण दाबेपर्यंत चित्र जागचं हलायचं नाही. त्या काळी रोलमध्ये छत्तीस फोटो निघत आणि प्रत्येकाला पैसे पडत, त्यामुळे निवड आपोआप होई. या प्रोजेक्टरचं उत्पादन २००४ मध्ये थांबलं.

आता फोन हाती घेऊ. बहुतेक अँड्रॉइड फोनच्या गॅलरीत किंवा गूगल फोटोजमध्ये एखादा फोटो उघडून तीन ठिपके दाबले की यादीत स्लाइडशो सापडतो. आयफोनमध्ये आल्बम उघडून तसंच करता येतं. (आवृत्ती बदलली की या बटणांची जागा बदलते, पण शब्द बहुधा तोच राहतो.) दाबलं की फोटो आपोआप सरकू लागतात. दुसरा मार्ग म्हणजे एखाद्या ॲपमध्ये फोटो निवडून, गाणं लावून, त्याचा व्हिडिओ बनवणं. दोन्ही वाटांनी वेळ यंत्राच्या ताब्यात जातो. हिशोब मांडून बघा. सहाशे फोटो, प्रत्येकी तीन सेकंद, म्हणजे अर्धा तास. त्या अर्ध्या तासात बघणाऱ्याला सहाशे वेळा नव्याने चेहरे ओळखायचे असतात. शाळेच्या गॅदरिंगचा फोटो आणि आजोबांचा हयात असलेला एकमेव फोटो, दोघांच्या वाट्याला तेच तीन सेकंद. सावकाश उच्चारलेलं एक साधं वाक्य, ‘ही माझी मोठी आत्या, हिनेच मला शाळेत घातलं’, एवढं म्हणेपर्यंत आत्या पडद्यावरून गेलेली असते.

यावर ॲपवाल्यांनी शोधलेली तोड म्हणजे फोटोवर सावकाश सरकणारी, जवळ जाणारी नजर. आयमूव्ही या व्हिडिओ बनवण्याच्या प्रोग्राममध्ये २००३ साली ही सोय आली ती अमेरिकन माहितीपटकार केन बर्न्स यांच्या नावाने, आणि आज जवळपास प्रत्येक ॲपमध्ये ती असते. बर्न्स यांची अमेरिकन यादवी युद्धावरची नऊ भागांची मालिका १९९० मध्ये दाखवली गेली. त्या युद्धाचं हलतं चित्रण असणं शक्यच नव्हतं, म्हणून त्यांनी जुन्या स्थिर फोटोंवरून कॅमेरा फिरवला. पण त्या फिरण्यामागे सैनिकांनी घरी लिहिलेली पत्रं मोठ्याने वाचणारे आवाज होते. वाक्य ज्या चेहऱ्यापाशी येई, नजर तिथे पोचे. बर्न्स यांनी ज्या चित्रपटाचं ऋण मानलं तो १९५७ चा कॅनेडियन ‘सिटी ऑफ गोल्ड’ही क्लोंडाइकच्या सोन्याच्या धुमाळीतल्या जुन्या फोटोंवर उभा आहे, आणि त्याचं निवेदन करणारे पियर बर्टन त्याच डॉसन सिटीत लहानाचे मोठे झालेले. क्रिस मार्कर यांचा १९६२ चा ‘ला जेते’ हा चित्रपट तर जवळजवळ पूर्णपणे स्थिर फोटोंचा, सुमारे २८ मिनिटांचा. त्यात एकच छोटा तुकडा हलता आहे, झोपलेली स्त्री डोळे उघडते तेवढाच. बाकी सगळं एका निवेदकाच्या आवाजाने पेललं आहे. या तिन्हींमध्ये फोटोला जिवंत करणारी गोष्ट कानावर पडते. फोनच्या ॲपनी त्यातलं सरकणं तेवढं उचललं आणि आवाज मागे ठेवला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली मुख्य हानी हीच.

ती कशी होते हे एखाद्या घरच्या फोटोवर स्पष्ट दिसतं. मराठी घरांतला तो ओळखीचा कृष्णधवल गट-फोटो डोळ्यांसमोर आणा. मधे दोन खुर्च्यांवर आजी-आजोबा, आजोबांच्या हातात काठी. पुढे सतरंजीवर मांडी घालून पोरं. मागे सुना आणि मुलगे उभे. आणि अगदी कडेला, अर्धी चौकटीबाहेर गेल्यासारखी, एक परकर-पोलक्यातली मुलगी. ॲप हा फोटो घेतं आणि पडदा भरावा म्हणून वरचं-खालचं कापतं, किंवा आजोबांच्या चेहऱ्याकडे हळूहळू जवळ जातं. दोन सेकंदांत मागच्या रांगेची डोकी आणि कडेची मुलगी गायब. उलट हाच फोटो घरातल्या वयस्कर बाईच्या हाती द्या. ती मधल्या खुर्च्यांकडे फारसं बघणारही नाही, त्या सगळ्यांनाच माहीत आहेत. तिचं बोट जाईल कडेला. ही कोण, कुणाकडे राहायला होती, पुढे तिचं काय झालं. मग मागची रांग, मग मागची भिंत, मग त्या भिंतीवरची खुंटी आणि तिला अडकवलेली छत्री. एका फोटोला पाच मिनिटं लागतील आणि कुणी जागचं हलणार नाही. छापील फोटोच्या पाठीवर निळ्या शाईत नावं, गाव, तिथी लिहिलेली असे. फोनमधल्या फोटोला पाठ नसते. गूगल फोटोजमध्ये आणि २०२० पासून आयफोनमध्येही फोटोखाली चार शब्द लिहायची जागा आहे, ती वापरावीच. पण मुळात ते चार शब्द कुणाकडून तरी ऐकावे लागतात, आणि तो माणूस आज बोलतो आहे.

क्रमाचा प्रश्नही इथेच येतो. फोन फोटो लावतो तारखेने, आणि ती तारीख फोटोच्या फाइलमध्ये कॅमेऱ्याने लिहून ठेवलेली असते. स्वतःच्या फोनने काढलेल्या फोटोंपुरतं हे ठीक चालतं. पण घरचा स्लाइडशो पाच फोनांमधून जमवलेला असतो, आणि बहुतेक फोटो व्हॉट्सॲपवरून आलेले. साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतली मूळ तारीख वाटेतच गळून पडते. अँड्रॉइडवर अशा फाइलच्या नावात आकडे असतात, उदाहरणार्थ २०१९०४१२ आणि पुढे डब्ल्यूए. ती तारीख फोटो काढल्याची नसते, तुमच्या फोनवर आल्याची असते. म्हणून मुंज आधी आणि बारसं नंतर असं होतं. आईच्या लग्नाचा फोटो काल मोबाइलने टिपून घेतला असेल तर तो सगळ्यात शेवटी, नातवाच्या वाढदिवसानंतर लागतो. (फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी पोचते, हे सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे.) क्रम मग हातानेच लावावा लागतो, आणि मला यात अडचण कमी, संधी जास्त दिसते. कारण एकदा हाताने लावायचाच म्हटल्यावर तारखेला तरी का चिकटायचं? आजीच्या हातातल्या तान्ह्या बाळाच्या फोटोनंतर, साठ वर्षांनी त्याच बाळाच्या हातातलं नातवंड ठेवलं तर दोन फोटोंमध्ये एक तिसरी गोष्ट उभी राहते. चित्रपटाच्या संकलकांना हे शंभर वर्षांपासून माहीत आहे. आल्बममध्ये फोटो बोटाने ओढून मागे-पुढे करता येतात. क्रम लावण्याच्या त्या वेळात फोटो पाहणं होतं, आणि जे सांगायचं ते मनात जुळू लागतं.

या म्हणण्यावर पहिला आक्षेप येईल तो वेळेचा. एवढी उठाठेव कोण करणार, फोन स्वतःच आठवणी जुळवून दाखवतो की! खरं आहे. आयफोनवर २०१६ पासून अशा मालिका आपोआप तयार होतात, गूगलकडेही आहेत, आणि चेहरे, ठिकाणं, धूसर फोटो ओळखण्यात ती यंत्रणा तरबेज आहे. नकळत एखादा विसरलेला दिवस समोर आणून ठेवते, हा तिचा गुण मी नाकारत नाही. पण ती हसरे चेहरे मोजते. त्यातलं कोण आता नाही, कुणाशी बोलणं तुटलं, कोणता दिवस घरात कुणी काढत नाही, हे तिला कळायला मार्ग नाही. म्हणूनच विशिष्ट माणूस किंवा विशिष्ट तारखा आठवणींत दाखवू नका, असं सांगण्याची सोय या कंपन्यांना द्यावी लागली. फोटोतला आशय माणसालाच ठाऊक असतो याची याहून सरळ कबुली मला माहीत नाही. यंत्राने काढून दिलेली रास कच्चा माल म्हणून घ्यावी, धान्य पाखडायला घ्यावं तशी.

दुसरा आक्षेप गाण्याचा, आणि तो जास्त वजनदार आहे. लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं ते गाण्याने, मग आवाज कशाला? गाण्याची ताकद खरी आहे, पण ती कुणाच्याही फोटोंवर सारखीच चालते. तेच गाणं शेजारच्या घरच्या फोटोंना लावलं तरी तितकंच रडू येईल. डोळ्यांतलं पाणी त्या आत्यासाठी होतं की त्या चालीसाठी, हे सांगता येत नाही, आणि ज्या माणसाच्या नावाने कार्यक्रम आहे त्याच्यावर यात थोडा अन्यायच होतो. शिवाय गाणं चालू असलं की बोलणारा गप्प बसतो. मोठ्या आवाजावर कोण बोलणार? समाजमाध्यमांवर टाकलेल्या अशा व्हिडिओंचा आवाज गाण्याच्या हक्कांमुळे कापला जातो ही आणखी एक कटकट. गाणं हवंच असेल तर सुरुवातीला माणसं स्थिरस्थावर होईतो आणि शेवटी उठताना असावं. मधला भाग मोकळा ठेवावा.

तिसरा आक्षेप घराघरांतून ऐकू येतो: आमच्याकडे कुणाला बोलता येत नाही. भाषण नको आहे. चित्रकथीसारखं गायचंही नाही. नाव, नातं, गाव आणि आठवली तर एक गोष्ट, एवढं पुरतं. ज्यांना ‘दोन शब्द बोला’ म्हटल्यावर घाम फुटतो, त्यांच्यासमोर जुना फोटो ठेवला की बोलणं आपसूक सुटतं, कारण डोळे समोरच्या माणसांवरून हटून फोटोवर गेलेले असतात. फक्त फोटो थोडे हवेत. सांगत सांगत दाखवायचं तर तीस-चाळीसच्या पुढे जाऊ नये, आणि यातून निवडीचा बिकट प्रश्न उभा राहतो: कुणाचा फोटो नाही म्हणून कोण दुखावेल? सगळ्यांना एकेक फोटो देऊन हा प्रश्न सुटत नाही, त्यातूनच तर सहाशे फोटो होतात. सांगणारा असला की तो सुटतो. ज्याचा फोटो नाही त्याचं नाव बोलण्यात येतं, ‘हा फोटो काढला तो अण्णांनी’, आणि फोटो काढणारा म्हणून कायम फोटोबाहेर राहिलेला माणूसही त्या दिवशी घरात हजर होतो.

आणि जो सांगणारा उद्या नसेल, किंवा जे ऐकणारे आज परदेशात आहेत, त्यांचं काय? इथे फोन खरा उपयोगी पडतो, आणि कंदिलाला वा कॅरूसेलला जे कधी जमलं नाही ते तो करतो. आयफोनवर २०१७ पासून आणि अँड्रॉइडमध्ये २०२० पासून पडद्यावर चाललेलं सगळं चित्रित करण्याची सोय मुळातच दिलेली असते, आणि त्यात माइकचा आवाजही घेता येतो. म्हणजे आल्बम उघडावा, माइक चालू करून चित्रण सुरू करावं, आणि अंगठ्याने एकेक फोटो सरकवत बोलत जावं. झालेला व्हिडिओ हाच स्लाइडशो. कुठे पाच मिनिटं, कुठे दोन सेकंद, कुठे मागे जाऊन पुन्हा तोच फोटो. व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवरही २०२३ पासून आपला पडदा पलीकडच्याला दाखवता येतो, त्यामुळे पुण्यात बसलेली आजी न्यू जर्सीतल्या नातवंडांना फोटो दाखवता दाखवता त्यांचे प्रश्नही ऐकू शकते. व्हिडिओ झाला म्हणून मूळ फोटो मात्र पुसू नयेत. नेहमीच्या फुल एचडी व्हिडिओच्या चौकटीत सुमारे वीस लाख ठिपके मावतात आणि फोनच्या साध्या फोटोत एक कोटी वीस लाख असतात. कडेच्या त्या मुलीचा चेहरा उद्या मोठा करून बघायचा तर मूळ फोटोच लागेल.

टीव्हीवर दाखवताना तीन बारीक गोष्टी आधी कराव्यात. फोनची घंटी आणि येणारे निरोप बंद करावेत, नाहीतर आजोबांच्या कपाळावर गॅस सिलिंडरचा संदेश झळकतो. फोन उभा धरून काढलेला फोटो आडव्या टीव्हीचा निम्म्याहून कमी भाग व्यापतो, तेव्हा जे फोटो आडवे आहेत त्यांना शक्यतो झुकतं माप द्यावं, पण कापून कुठलाही आडवा करू नये. आणि सेटिंगमध्ये जाऊन पडदा मालवण्याची वेळ वाढवावी. पुष्कळ फोनवर ती तीस सेकंद असते, आणि ऐन गोष्टीत, आत्याचं लग्न मोडता मोडता कसं जुळलं हे सांगताना, पडदा काळा होतो. दहा मिनिटं ठेवली की काम भागतं. वयस्कर बोटं कोरडी असतात, त्यांचा स्पर्श काचेला कधी कळतो, कधी नाही. अशा वेळी फोन नातीने धरावा आणि शेजारी बसावं, जादूच्या कंदिलाच्या काळी व्याख्याता बोले आणि काच बदलणारा त्याच्या खुणेकडे लक्ष ठेवून उभा राही, तसं. आजीने ‘हं, पुढे’ म्हटलं की सरकवायचं. ‘थांब गं, जरा मागे जा’ म्हटलं की मागे.